समाजकार्याची सनद: कोणी द्यायची, कोणासाठी?

निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात समाजकार्य महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "सर, एमएसडब्ल्यू झालं. आता नोंदणी कुठे करायची?" विचारणारीची मैत्रीण परिचारिका झालेली असते आणि तिचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या पटावर चढलेले असते. चुलतभावाने एलएलबी करून बार कौन्सिलची सनद घेतलेली असते. गावातल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे नोंदणीपत्र भिंतीवर टांगलेले असते. हिने दोन वर्षे वस्त्या पायाखाली घातल्या, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उभे राहून नोंदी लिहिल्या, बालगृहातल्या मुलांशी बोलून अहवाल तयार केले. तिच्या हातात मात्र गुणपत्रिका आणि पदवीचा कागद, एवढेच.

तिला द्यायचे उत्तर एका वाक्यात संपत नाही. समाजकार्याच्या साऱ्या व्यवसायाला मिळून परवाना देणारी एकही वैधानिक संस्था भारतात नाही. पुनर्वसन, मानसिक आरोग्य आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत वेगवेगळ्या कायद्यांनी नोंदणीची दारे उघडली आहेत. काही ठिकाणी ती नोंदणी सक्तीची आहे. कारखान्यांत आणि बालन्यायाच्या यंत्रणेत पात्रतेच्या अटी आहेत, पण नोंदणी नाही. उरलेल्या विस्तीर्ण क्षेत्रात कोणीही स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवू शकतो. ही स्थिती कशी आली, इतरांनी काय केले आणि आपण काय करायला हवे, याचा हा आढावा.

नागपाड्यातून सुरुवात

महाराष्ट्राला समाजसेवेची परंपरा शिकवावी लागली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच परंपरेतले ना. म. जोशी यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू करून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पंडिता रमाबाई, महर्षी कर्वे यांच्या संस्था त्याआधीच उभ्या होत्या. या साऱ्यांमागे वाहून घेतलेले आयुष्य होते. त्यागाचे मोल मोठे असले, तरी ते शिकवता येत नाही आणि तपासताही येत नाही.

समाजकार्य हे शिकण्याचे शास्त्र आहे, हा विचार मुंबईत रुजवला तो क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी. अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते मुंबईत आले आणि नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस चालवले. याच कामातून 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. भारतातले समाजकार्याचे पहिले व्यावसायिक शिक्षण ते हेच. 1944 साली त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि 1964 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत 1955 साली निर्मला निकेतन, नागपुरात 1958 साली मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था, पुण्यात 1963 साली कर्वे समाजसेवा संस्था असा हा विस्तार होत गेला. नंतरच्या दशकांत विदर्भ, मराठवाडा, खानदेशातही समाजकार्य महाविद्यालये निघाली. त्यांतली अनुदानित महाविद्यालये राज्याच्या सामाजिक न्याय विभागाशी जोडलेली आहेत, ही महाराष्ट्राची वेगळी घडण.

म्हणजे या शिक्षणाला नव्वद वर्षे होत आली. 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली; देशातली अशी ती पहिली नेमणूक मानली जाते. शिक्षण आले, पदे आली. पण व्यवसायाची नोंदवही काही आली नाही.

या पदवीत शिकवतात काय

बीएसडब्ल्यू बारावीनंतर करता येते. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचे असते आणि बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो. वर्गात केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन, संशोधन, समाजकल्याण प्रशासन हे विषय असतात. पण या शिक्षणाचा कणा आहे क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत किंवा तुरुंगात काम करतो. केलेल्या कामाची नोंद लिहितो. त्या नोंदीवर मार्गदर्शकाशी दर आठवड्याला चर्चा होते. विद्यार्थ्यांच्या भाषेत ती 'आयसी'. तिथे प्रश्न विचारले जातात: त्या बाईने रडायला सुरुवात केल्यावर तू विषय का बदललास? नवऱ्याची बाजू ऐकायच्या आधीच तू मनात निकाल दिला होतास का? वचन देताना ते पाळता येईल याची खात्री केली होतीस का?

समाजकार्यातले कौशल्य घडते ते या चर्चांत. मदत करण्याची इच्छा पुष्कळांकडे असते. समोरच्याला परावलंबी न करता मदत करणे, त्याचे गुपित सांभाळणे, स्वतःची जात, वर्ग आणि श्रद्धा मध्ये न आणणे, हे सराव आणि देखरेख यांतूनच येते.

प्रत्यक्षात या देखरेखीचा दर्जा एकसारखा नाही. काही महाविद्यालयांत मार्गदर्शक विद्यार्थ्याची प्रत्येक नोंद वाचतात. काही ठिकाणी क्षेत्रकार्य हजेरीच्या सहीवर उरकते. दोघांच्या पदवीपत्रावर शब्द तेच असतात. नोकरी देणाऱ्याला आणि मदत घेणाऱ्याला त्यांतला फरक कळण्याची सोय नाही. परवान्याचा प्रश्न निघतो तो इथून.

कायद्यांतले तुकडे

भारतीय कायदा समाजकार्यकर्त्याला ओळखतच नाही, असे नाही. तो त्याला तुकड्यातुकड्यांनी ओळखतो.

पहिला तुकडा कारखान्यांचा. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 49 नुसार 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. राज्याच्या नियमांनी त्याची पात्रता ठरवली आणि समाजकार्य किंवा कामगार कल्याण शिकलेल्या पिढ्यांना पिंपरी-चिंचवडपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यापर्यंत कामे मिळाली. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा 250 कामगारांवर आणली आहे.

दुसरा तुकडा पुनर्वसनाचा. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम 1992 चा. अपंग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या यादीत पुनर्वसन समाजकार्यकर्ता येतो. मान्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तिसरा मानसिक आरोग्याचा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याची स्पष्ट व्याख्या आहे: समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, त्यावर देखरेखीखालील रुग्णालयीन प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. अशा व्यक्तींची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने करायची आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच थांबवली. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांसाठी 2025-26 पर्यंत सवलत द्यावी लागली, कारण एका कायद्याने मागितलेली पदवी दुसऱ्या नियमाने बंद केली होती. पूर्ण व्यवसायाकडे एकत्र पाहणारी एखादी परिषद असती, तर ही गाठ आधीच दिसली असती.

चौथा तुकडा सर्वांत नवा आणि सर्वांत मोठा. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम 2021. त्याच्या अनुसूचीत चिकित्सा, मनोविकार आणि वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा नावाने उल्लेख आहे. या कायद्याने राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवह्या अशी पूर्ण रचना आखली. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या संज्ञेसाठी तीन ते सहा वर्षांत मिळून किमान 3600 तासांचे पदवीशिक्षण लागते. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याने आज ज्या कायद्याकडे नीट लक्ष ठेवावे तो हाच.

पाचवा तुकडा बालन्यायाचा, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. 2015 च्या बालन्याय अधिनियमानुसार बाल न्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्यांत किमान एक स्त्री. पण या 'समाजकार्यकर्त्यां'ची पात्रता वाचा: मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यांची पदवी असलेला कार्यरत व्यावसायिक. पदाचे नाव समाजकार्यकर्ता, आणि पदव्यांच्या यादीत समाजकार्य नाही! बाल कल्याण समितीच्या बाबतीत मात्र समाजकार्याची पदवी यादीत आहे. एकाच कायद्यात, शेजारच्या दोन यंत्रणांत, हा फरक आहे.

कायद्याने आखलेल्या या जागांबाहेरही समाजकार्यकर्ते रोज काम करत असतात. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी 1984 साली सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलिसांच्याच आवारात चालतो आणि पुढे राज्यभर पोहोचला. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक आहेत. दत्तकविधानाआधीची गृहपाहणी समाजकार्यकर्ताच करतो. धर्मादाय रुग्णालयांतल्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्या खाटेपर्यंत रुग्णाला नेणारा माणूस बहुधा वैद्यकीय समाजकार्यकर्ता असतो. या प्रत्येक जागेची पात्रता त्या-त्या विभागाच्या भरतीच्या नियमांत असते. नोकरी संपली की ओळखही संपते.

इतरांनी काढलेल्या वाटा

अमेरिकेत 1915 साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा व्यवसाय आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि अजून नाही, असे उत्तर दिले. ते उत्तर समाजकार्याच्या क्षेत्राला खोल लागले. 1917 साली मेरी रिचमंड यांनी निदानाची शिस्तबद्ध पद्धत मांडणारे पुस्तक लिहिले. 1945 साली कॅलिफोर्नियाने नोंदणीचा कायदा केला. आज तिथल्या पन्नासही राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात परवाना आहे. मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूमध्ये किमान 900 तास क्षेत्रकार्य लागते. स्वतंत्रपणे मानसोपचार करायचा तर पदवीनंतर देखरेखीखाली काम करावे लागते. कॅलिफोर्नियात त्यासाठी 3000 तास ठरवले आहेत. त्यानंतर परीक्षा.

ब्रिटनने वेगळे सूत्र धरले. इंग्लंडमध्ये 2005 पासून 'सोशल वर्कर' हे नावच संरक्षित आहे; नोंदवहीत नाव नसताना ते लावणे गुन्हा ठरतो. डिसेंबर 2019 पासून ही नोंदवही सोशल वर्क इंग्लंड ही संस्था सांभाळते. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, वर्षभरात काय नवे शिकलात हे दाखवावे लागते. तक्रार आली तर सुनावणी होते आणि गंभीर दोष सिद्ध झाल्यास नाव काढले जाते. नोंदवही कोणालाही पाहता येते.

आशियातही उदाहरणे आहेत. फिलिपिन्सने 1965 सालीच कायदा करून पदवी, देखरेखीखालचे 1000 तासांचे प्रशिक्षण आणि शासकीय परीक्षा अशी वाट घालून दिली. जपानने 1987 साली प्रमाणित समाजकार्यकर्त्याचा कायदा केला. न्यूझीलंडमध्ये आधी ऐच्छिक असलेली नोंदणी फेब्रुवारी 2021 पासून सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियात देशव्यापी वैधानिक नोंदणी नाही. तिथे व्यावसायिकांची संघटना पदव्या तपासते, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाने 2021 साली स्वतःचा नोंदणी कायदा केला.

आपली मुले या देशांत जातात तेव्हा हा सारा आढावा पुस्तकी राहत नाही. परदेशी मंडळे क्षेत्रकार्याच्या तासांचा हिशेब, देखरेख करणाऱ्याची पात्रता आणि विषयवार तपशील मागतात. "तुमच्या देशात नोंदणी आहे का?" असाही प्रश्न येतो. ज्याने क्षेत्रकार्याच्या नोंदवह्या जपल्या नाहीत, त्याच्या दोन वर्षांच्या श्रमांना तिथे पुरावा उरत नाही.

आक्षेपांचे वजन

भारतात 1990 च्या दशकापासून राष्ट्रीय परिषदेचे मसुदे तयार होत आले. एकाचाही कायदा झाला नाही. सरकारांची अनास्था हे त्याचे एक कारण. दुसरे कारण समाजकार्याच्या क्षेत्रातल्या प्रामाणिक शंकांत आहे, आणि त्या शंका ऐकून घेतल्याच पाहिजेत.

पहिली शंका चळवळींची. परवाना आला, तर ज्याने पदवी न घेता आयुष्यभर आदिवासी पाड्यांवर काम केले, त्याला कोणी थांबवणार का? सरकारशी भांडणाऱ्या कार्यकर्त्याची नोंदणी रद्द करण्याचे हत्यार कोणाच्या हाती जाईल का? भीती खरी आहे. तिच्यावर उपायही आहे. संरक्षण विशिष्ट पदनामाला आणि विशिष्ट जबाबदारीच्या कामांना द्यावे. सेवेला, संघटन करण्याला, आवाज उठवण्याला हात लावू नये. आजारी माणसाची शुश्रूषा शेजारीण करू शकते. ती नोंदणीकृत परिचारिका म्हणवून घेऊ शकत नाही, इतकेच.

दुसरी शंका मला अधिक मोलाची वाटते. परीक्षेच्या दारात कोण अडते? अमेरिकेतल्या परीक्षा मंडळांच्या संघटनेने 2022 साली आकडे प्रसिद्ध केले. पदवीनंतरच्या क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्या गोऱ्या परीक्षार्थींचे प्रमाण सुमारे 84 टक्के होते. कृष्णवर्णीयांचे सुमारे 45 टक्के. ज्या समाजांना समाजकार्याची सर्वाधिक गरज, त्याच समाजांतून आलेले कार्यकर्ते परीक्षेने बाहेर ठेवले.

महाराष्ट्रात ही परीक्षा इंग्रजीत, दिल्लीहून, बहुपर्यायी प्रश्नांची झाली, तर काय होईल हे सांगायला भविष्यवेत्ता नको. समाजकार्य महाविद्यालयांत आज मोठ्या संख्येने दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त कुटुंबांतली पहिली शिकलेली पिढी बसते. पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी आली की घरात काय होते, हे त्यांतल्या एखाद्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. तिच्या त्या ज्ञानाला प्रशिक्षणाची शिस्त मिळाली की तिच्यासारखी समाजकार्यकर्ती दुसरी नाही. तिला गाळणारा परवाना समाजकार्याच्या मुळावरच येईल.

तरीही परवाना नको, हा निष्कर्ष मला मान्य नाही. आज जे चालले आहे त्याची किंमत मदत घेणारा मोजतो. वकिलाशी अशिलाने केलेल्या बोलण्याला कायद्याचे कवच आहे. समाजकार्यकर्त्याजवळ उघड केलेल्या गोष्टीला तसे सर्वसाधारण कवच नाही. समुपदेशनाची पाटी लावून एखाद्याने मारहाण सोसणाऱ्या बाईला "थोडं सहन कर" असे सांगून परत पाठवले, तर तिने व्यवसायाच्या कोणत्या मंडळाकडे तक्रार करायची? एका संस्थेने गैरवर्तनासाठी काढलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेत रुजू झाला, तर त्याला अडवणारी नोंदवही कुठे आहे?

सनद कशी असावी

म्हणून सनद हवी. पण तिचा गाभा क्षेत्रकार्य असावा. लेखी परीक्षेपेक्षा देखरेखीखालच्या तासांना, त्या तासांच्या तपासलेल्या नोंदींना आणि तोंडी चर्चेला अधिक वजन द्यावे. परीक्षा घ्यायचीच तर मराठीत आणि कोकणीत, ज्या भाषेत लोक आपले दुःख सांगतात त्या भाषेत घ्यावी. अनेक वर्षे काम केलेल्या पण पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांना पूर्वानुभवाच्या मूल्यमापनातून नोंदवहीत येण्याची वाट ठरावीक काळ खुली ठेवावी. शुल्क इतके कमी ठेवावे, की आश्रमशाळेत मानधनावर काम करणाऱ्यालाही ते जड जाऊ नये. परिषदेत शासन आणि प्राध्यापकांबरोबर सेवा घेतलेली माणसेही बसावीत: अपंग व्यक्ती, मनोविकारातून सावरलेले रुग्ण, बालगृहात वाढलेली तरुण मुले. महाविद्यालयांनाही या कसोटीला उतरावे लागेल. क्षेत्रकार्याला पात्र मार्गदर्शक नसलेल्या महाविद्यालयाची पदवी नोंदणीसाठी ग्राह्य धरू नये, म्हणजे हजेरीच्या सहीवरचे क्षेत्रकार्य आपोआप थांबेल.

तोवर काय करावे

ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला कायदा होईपर्यंत थांबता येणार नाही. तिने आधी क्षेत्र ठरवावे. मानसिक आरोग्यात जायचे, तर 2017 च्या कायद्यातली व्याख्या आणि एम.फिल.ची ताजी स्थिती तपासून मगच प्रवेश घ्यावा. अपंगांच्या पुनर्वसनात जायचे, तर अभ्यासक्रमाला पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का हे आधी पाहावे. रुग्णालयात जायचे, तर 2021 च्या कायद्याखालील नोंदणीची सूचना निघताच अर्ज करावा. अध्यापनासाठी नेट किंवा सेट द्यावी. कोणत्याही वाटेने गेली तरी क्षेत्रकार्याच्या तासांचा सहीशिक्क्याचा दाखला आणि नोंदवह्या जपाव्यात. नोकरीत लागल्यावरही कोणा अनुभवी व्यक्तीकडे महिन्यातून एकदा आपले काम तपासायला द्यावे. कायद्याने मागितले नाही, तरी देखरेख हा समाजकार्यकर्त्याने स्वतःवर घालून घ्यायचा नियम आहे.

बालन्यायाच्या कायद्यात सामाजिक तपास अहवालासाठी पंधरा दिवस दिले आहेत. परिवीक्षा अधिकारी नसेल, तर हे काम समाजकार्यकर्त्याकडे येऊ शकते. तो एका अनोळखी दारावर थाप देतो. आई दार उघडते. घरात किती कमावते कोण, बाप पितो का, मुलगा शाळेत का जात नाही, असे प्रश्न तिला विचारले जातात आणि ती उत्तरे देते, कारण तिचा मुलगा निरीक्षणगृहात आहे. त्या चार पानी अहवालावर त्या मुलाचे पुढचे बरेच काही ठरते. दारात उभा असलेला माणूस कोण, तो काय शिकला, चुकला तर त्याला जाब कोण विचारणार, यातले काहीच तिला ठाऊक नसते. समाजकार्याची सनद तिच्यासाठी हवी आहे. तिने नोंदणी क्रमांक विचारावा आणि समाजकार्यकर्त्याने आत पाऊल टाकण्याआधी तो सांगावा, एवढी साधी गोष्ट आपल्या राज्यात घडायला नव्वद वर्षांहून अधिक काळ लागू नये.